तुझी ओव्हर कोण घेतं?

(या आठवड्याचं पत्र. लिहिणारीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सिस्टर,

मी ३१ वर्षांची, मूळची बार्शीची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले, लग्न होऊन सोलापुरात आले. गेली सहा वर्षं इथल्या एका खासगी दवाखान्यात मेडिसिन वॉर्डला आहे. दवाखाना ११० खाटांचा, आमच्या वॉर्डात २६ कॉट. नाईटला मी आणि एक एएनएम (त्याहून छोटा नर्सिंगचा कोर्स) झालेली नवी मुलगी. रात्री आठ ते सकाळी आठ, अशा सलग सहा नाईट. सकाळची कुणी आली नाही तर निरोप येतो, 'दोनपर्यंत कंटिन्यू कर.'

मागच्या महिन्यात पहाटे साडेतीनला एका पेशंटला धाप लागलेली, दुसऱ्याची सलाइनची सुई (आयव्ही) आउट, आणि नऊ नंबरच्या आजींनी माझ्या ॲप्रनचं टोक धरून ठेवलं. आजी अक्कलकोटच्या पलीकडच्या, कर्नाटकातल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कन्नड येत नाही. 'कुंद्र यव्वा, कुंद्र' असं सारखं म्हणत होत्या. पाणी दिलं, बेडपॅन दिलं. नको म्हणाल्या, पण टोक सोडेनात. मी त्यांचा हात झटकला. जोरात. वर ओरडले, 'मरायला तरी सवड द्या मला!' अख्खा वॉर्ड जागा झाला.

तीन दिवसांनी त्यांचा डिस्चार्ज झाला. जाताना त्याच आजींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सिस्टर, मला काहीच वाटलं नाही. ना लाज, ना रडू. 'कॉट रिकामी झाली, आता नवी ॲडमिशन येणार' एवढंच डोक्यात आलं. त्याचीच भीती वाटते.

घरी चार वर्षांचा मुलगा आहे, त्याच्यावर ओरडते. सासूबाई विड्या वळतात, म्हणतात, 'तुझं काय, फॅनखालचं काम.' दिवसा झोप येत नाही. डिस्चार्ज पेशंटच्या उरलेल्या औषधांतली झोपेची अर्धी गोळी चार वेळा घेतली. गेल्या आठवड्यात एका नातेवाइकानं 'डॉक्टर कुठं मेलाय बे' म्हणत इंजेक्शनचा ट्रे उडवला. वर तक्रार केली तर उत्तर मिळालं, 'हसून घ्यायचं, सेवा आहे ही.'

मी दगड झाले का? नोकरी सोडू का?

एक स्टाफ नर्स, सोलापूर

*

अगं पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसतं वाचलं. दुसऱ्यांदा वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरच्या सवयीनं हातात पेन घेऊन, रेघा मारत. सगळ्यात जाड रेघ आजींच्या हाताखाली मारली असेल असं तुला वाटेल. ती मारली आहे गोळीखाली.

म्हणून आधी तेच. ती गोळी आजपासून बंद. चारदाच घेतलीस, म्हणजे अजून सवय लागलेली नाही, पण ही औषधं सवय लावणारीच आहेत. अर्धीची एक कधी होते ते कळत नाही. सकाळी नऊला घेतलेली अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी रात्री आठला, तू ड्युटीवर चढतेस तेव्हा, अंगातून पुरती गेलेली नसते. त्या गुंगीत तू इन्सुलिन भरणार आहेस. शिवाय पेशंटच्या उरलेल्या औषधांत एकदा सिस्टरचा हात गेला की उद्या खरंच काही कमी-जास्त झालं तर बोट तुझ्याकडे येणार आणि तुझं रजिस्ट्रेशन पणाला लागणार. मी हे होताना पाहिलेलं आहे. झोपेसाठी औषध लागलंच तर ते तुझ्या नावाच्या केसपेपरवर, तुला तपासलेल्या डॉक्टरनं लिहिलेलं हवं. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथं ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती वाटत असेल तर आधी फोन कर. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. ऑफच्या दिवशीही झोप येईनाशी झाली, जेवण तुटलं किंवा 'आपण नसलेलं बरं' असा विचार एकदाही डोकावला, तर त्या दिवशी माझ्या पत्राची वाट बघू नकोस. तो फोन कर आणि घरातल्या एकाला तरी सांग.

आता दगडाचं.

दगड झालेल्या बाईला पत्र लिहावंसं वाटत नाही. तुला जे झालंय त्याला नाव आहे, बर्नआउट. अमेरिकेतल्या ख्रिस्तिना मास्लाच या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ साली ते मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन गोष्टी धरल्या आहेत. माणूस आतून रिकामं होतं. मग समोरचा माणूस माणूस न दिसता कॉट नंबर दिसायला लागतो. आणि आपण करतो त्याला काही अर्थ उरला नाही असं वाटायला लागतं. तुझी 'कॉट रिकामी झाली' ही ओळ म्हणजे यातली दुसरी गोष्ट, अगदी पुस्तकातली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या यादीत याची नोंद घेतली, ती आजार म्हणून नाही. कामाच्या जागी ताण सतत राहिला आणि तो कुणी आवरला नाही, म्हणजे असं होतं, असं त्यात लिहिलं आहे. त्यातला 'कामाच्या जागी' हा शब्द धरून ठेव, पुढे लागणार आहे.

माझी गोष्ट सांगते. फार जुनी आहे. एप्रिलचा महिना होता, कॉट भरून खाली गाद्या टाकलेल्या. भाजलेल्या मुलांचा वॉर्ड माझ्याकडे होता. पहाटे एक पाच वर्षांचं पोर गेलं. मी त्याचं सगळं आवरलं, रजिस्टर भरलं, आठला ओव्हर दिली, म्हणजे पेशंटचं सगळं पुढच्या पाळीला सांगितलं, तोंड धुऊन घरी आले. माझ्या मुलानं दुधाचा पेला सांडला. पेला स्टीलचा, फुटलासुद्धा नाही, नुसता गडगडत मोरीपर्यंत गेला. मी त्या पोराला इतकं मारलं की शेजारीण येऊन मध्ये पडली. माझ्या पाचही बोटांचे वळ त्याच्या पाठीवर होते. आज तो दोन मुलांचा बाप आहे आणि त्याला ते आठवतही नाही. मला पेल्याचा आवाज आठवतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. बाई सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू घरातल्या. मराठी बोलताना सगळी वाक्यं हुकमासारखी यायची. त्या म्हणाल्या, "पेशंटची ओव्हर दिली. तुझी कुणाला दिली?" मला कळेना. तर दवाखान्याच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, आता रात्रीची ओव्हर दे. बीपी-पल्सची नको, तुझी. त्या दिवसापासून तो नियमच झाला. नाईट सुटली की आम्ही तिघी-चौघी गाड्यावर दहा मिनिटं उभ्या. एकेकीनं सांगायचं, रात्री काय झालं, कुठे चुकले, कुणाचा राग आला. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. अध्यात्म तर अजिबात सांगायचं नाही. ऐकायचं, चहा संपवायचा, घरी जायचं. हल्ली याला डीब्रीफिंग म्हणतात आणि त्याची ट्रेनिंगं होतात. आम्हाला कटिंगमध्ये पडायचं.

तू पत्रात सहा वर्षांचं सगळं लिहिलंस, पण एकाही मैत्रिणीचा उल्लेख नाही. ती एएनएम पोरगी, जिच्यासमोर तू आजींवर ओरडलीस, तिला त्या रात्रीबद्दल विचारलंस का कधी? तीही घाबरलेली असणार. उद्या तिच्याबरोबर चहाला थांब.

आता सासूबाई. 'फॅनखालचं काम' म्हणणाऱ्या सासूचा राग येतो, मान्य. पण विड्या वळणाऱ्या बाईला कामाचा हिशेब तुझ्या-माझ्यापेक्षा चोख कळतो. सूप मांडीवर घेऊन हजार विड्या झाल्याशिवाय उठता येत नाही, वर कारखान्यात नग काढून टाकले की पुन्हा भरून द्यायचे. त्यांना 'मी दमले' म्हणून सांगितलंस तर 'आम्ही नाही का दमत' एवढंच उत्तर मिळणार. त्यांच्या भाषेत सांग. म्हणावं, काल रात्री २६ माणसं, प्रत्येकाचा ताप, नाडी, श्वास, बीपी, इतकी इंजेक्शनं, इतक्या सलाइनी, आणि यातला एकसुद्धा नग चुकला तर माणूस जातो. आकडा सांग, रडू नकोस. मला खात्री आहे, म्हातारी सूप खाली ठेवेल.

आणि आकडाच तुला वॉर्डातही कामाला येणार आहे. १२ मेला, परिचारिका दिनाला, आपल्या सगळ्या दवाखान्यांत मेणबत्त्या लागतात, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या दिव्यावर भाषणं होतात. ती दिवा घेऊन फिरली, खरं आहे. पण तिनं सरकारला हलवलं ते दिव्यानं नाही. क्रिमियाच्या युद्धात किती सैनिक जखमांनी मेले आणि किती घाणीतल्या साथींनी, हे तिनं मोजलं. साथींचा आकडा कितीतरी मोठा निघाला. १८५८ मध्ये तिनं त्याच्या आकृत्या काढून छापल्या. नर्सेसच्या कार्यक्रमात हे कुणी सांगत नाही. का सांगत नाहीत ते तुला कळेल. दिवा धरणारी सिस्टर सगळ्यांना आवडते, मोजणारी नाही.

तर मोज. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष असा आहे : मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जनरल वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचामागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, आणि रजा धरून वर ३० टक्के माणसं जास्त. तुझ्या वॉर्डात नाईटला २६ पेशंटमागे जीएनएम तू एकटीच. हा निकष सोलापुरात कुठे पाळला जातो असं विचारशील. सरकारीतही पाळला जात नाही, मी तिथल्या पोरींना रोज बघते. पण २६ जणांत तू आजींवर ओरडलीस याला 'स्वभाव' म्हणायचं की 'संख्या', हे ठरवायला तो आकडा हवाच.

ड्युटीला चढल्या चढल्या रिपोर्ट बुकात तीन ओळी लिहीत जा. घटना घडल्यावर लिहिलं तर ती सबब दिसते, आधी लिहिलं तर नोंद. अशी :

'नाईट, रात्री ८.१५. पेशंट २६, पैकी ऑक्सिजनवर ४, सीरियस २. स्टाफ : जीएनएम १, एएनएम १. जादा स्टाफसाठी सुपरवायझरना फोनवर कळवले.'

यात तक्रारीचा सूर नको, विशेषणं तर नकोतच. महिनाभर असं लिही, मग तिघी-चौघी मिळून मेट्रनना, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांना, भेटा. एकटीनं जाऊ नकोस. एकटी गेलेली 'भांडकुदळ' ठरते, चौघी गेल्या की 'स्टाफचं म्हणणं' होतं. मागणी छोटी ठेवा. सलग सहाऐवजी तीन किंवा चार नाईट. नाईटनंतर कंटिन्यू बंद. ड्युटी लिस्टमध्ये पाळ्या मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट अशा पुढे सरकाव्यात. उलट्या लावल्या की शरीराला जास्त जड जातं. यातलं एकही पैशाचं नाही, म्हणून मिळण्याची शक्यता आहे. तुझ्या मेट्रनही कधीतरी स्टाफ नर्स होत्या. 'हसून घ्या' हे त्यांना त्यांच्या मेट्रननं सांगितलेलं असणार.

पगाराबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, त्यावरून समजले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली आहे : १०० ते २०० खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सचा पगार सरकारी नर्सपेक्षा फार तर १० टक्के कमी असावा. तुझा दवाखाना ११० खाटांचा. अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली आहे, त्यामुळे हा कागद दाखवून उद्या पगार वाढेल असं नाही. पण आपण भीक मागत नाही एवढं तरी कळतं.

ट्रे उडवणारा नातेवाईक. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी कायदा आहे. दवाखान्यात हिंसा किंवा मोडतोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्यात नर्सही येतात, नुसते डॉक्टर नाहीत. तक्रार करायला दवाखाना कचरेल, त्याला नाव खराब होण्याची भीती असते. पण घटनेची तारीख, वेळ, साक्षीदार तू लिहून ठेव आणि लेखी कळव. आणि नाईटला नर्सिंग स्टेशनवर बसताना पाठ भिंतीला, वाट मोकळी. हे कायद्यात नाही, माझ्या अनुभवात आहे.

झोपेबद्दल मी जरा लांब बोलणार आहे, कारण तुझं निम्मं दुखणं तिथं आहे. सोलापुरात नाईट करून दिवसा झोपायचं म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या पुस्तकांना कळत नाही. मार्चपासून दहाच्या आत भिंती तापतात, वर पत्रा असेल तर विचारूच नको, आणि खाली यंत्रमागाची खडखड. तरी काही गोष्टी हातात आहेत. शेवटचा चहा रात्री दोनला. चारला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन नऊलाही रक्तात असतं, मग तू अंथरुणात डोळे मिटून जागी. घरातली जाड सोलापुरी चादर पांघरायला नको, खिडकीला दुहेरी घडी करून लाव. ऊन आणि उजेड दोन्ही अडतात. सगळ्यात खालची, सगळ्यात अंधारी खोली तुझी, मग ती धान्याची का असेना. पायावर पाणी घे, थोडं खा, फोन बंद कर आणि घरी आल्यावर तासाभरात आडवी हो. स्वयंपाक, धुणं, मुलाची शाळा आधी उरकून 'मग झोपते' म्हणणाऱ्या पोरी झोपत नाहीत. मुलाला शाळेत सोडायचं काम नाईटच्या आठवड्यात नवऱ्याचं. तुझ्या पत्रात नवरा कुठेच नाही, हेही मी पेनानं लिहून ठेवलंय.

वॉर्ड शांत असेल तेव्हा त्या एएनएम मुलीला जागी ठेवून वीस मिनिटं डोळे मिट. चोरून नको, सुपरवायझरना सांगून. पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात खाली गेलेलं असतं. चुका तेव्हाच होतात, हात तेव्हाच झटकले जातात. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम या वेळेत एकटीनं भरू नकोस. मोठ्यानं वाचून दुसरीला दाखव, ती नवी असली तरी. आणि सकाळी डोळे मिटत असतील तर स्कूटीला किल्ली लावू नकोस, सरळ रिक्षानं जा. होटगी रोडला सकाळी ट्रक कसे असतात ते तुला माहीत आहे.

नोकरी सोडू का म्हणतेस. नाईटच्या आठवड्यात तर हे ठरवायचंच नाही. आधी दोन ऑफ सलग घे, रजा टाकावी लागली तरी चालेल, आणि नुसती झोप. मग वर सांगितलेलं महिनाभर कर. मेट्रननी एकही गोष्ट ऐकली नाही, नोंदींवरून तुलाच दबवायला लागल्या, तर सोड. बिनधास्त सोड. आधी दुसरीकडे बोलून ठेव, अनुभवाचा दाखला हातात घे, सरकारी भरती निघाली तर फॉर्म भर. डायलिसिसला, ओपीडीला, शाळेच्या सिकरूमला नाईट नसलेल्या जागा असतात. वॉर्ड सोडला म्हणजे नर्सिंग सोडलं असं होत नाही. पण 'मी वाईट नर्स आहे' म्हणून सोडणार असशील तर ते मला मान्य नाही, कारण पत्रातला तुझा पुरावा कच्चा आहे.

आजींचं सांगायचं मुद्दाम शेवटी ठेवलं. माझं आजोळ अक्कलकोट तालुक्यातलं, घरात अर्धं कन्नड. तू शब्द बरोबर ऐकून लिहिलेस म्हणून बरं झालं. आजी तुझ्याकडे काही मागत नव्हत्या, म्हणून तर त्यांनी पाणीही घेतलं नाही आणि बेडपॅनही. 'कुंद्र' म्हणजे बस. तू इकडून तिकडे पळतेस हे त्या कॉटवरून बघत होत्या. ॲप्रन धरून म्हणत होत्या, 'बस बाई, जरा बस.'